गायकवाडकाकांचे ब्रेक

गल्लीत पाण्याचा टँकर थांबताना सगळे घागरी घेऊन मागच्या पाइपाकडे धावायचे आणि आमचे शेजारी गायकवाडकाका पुढच्या चाकाकडे. मान वाकडी करून ऐकायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "खरखरून राहिलेत तुझे ब्रेक. किंचाळतात तवाच बदलायचे असतात. खरखरले म्हणजे लोखंडावर लोखंड."

"काका, आधी घागर भरा," ड्रायव्हर म्हणायचा. तोवर पाणी संपलेलं असायचं. काकूंची घागर मग आमच्या घरून भरायची.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. त्या दुष्काळात उदगिरातले लोक त्यांना अडवून विचारायचे, पाणी गेलं कुठं? काका सांगायचे, "मी फक्त टपाल बघायचो."

त्यांची जुनी पांढरी मारुती होती. तिचे ब्रेक पॅड ते दारात बसून स्वतः बदलायचे. मेकॅनिक उगाच घाबरवतो, असं त्यांचं मत. त्यांचा हिशेब सोपा होता. चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघायचं. पॅड मारी बिस्किटाएवढं जाड दिसलं तर "अजून हाय." निम्मं दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं. एकदा त्यांनी मला गाडीचं पुस्तक वाचायला दिलं. "तू इंग्लिश मिडियमची. बघ काय म्हणतंय." त्यात लिहिलं होतं, अधिकृत विक्रेत्याला विचारा. काका दिवसभर चिडलेले होते. "एवढं जाड पुस्तक, आन् सांगतंय काय, तर दुसऱ्याला विचारा."

साबण, चपला, टाकीतलं पाणी, सगळ्याला तेच माप. अजून हाय. उदगीर जिल्हा होणार, हे मी शाळेपासून ऐकत होते. काका पेपर वाचून म्हणायचे, "फाइल अजून हाय."

जिल्ह्याची त्यांना घाई होती ती काकूंसाठी. काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूर. मी मागच्या सीटवर त्यांना धरून बसायचे. मी बोलत नाही म्हणून काकांना चालायचे. त्यांना ब्रेक ऐकू यायचे. समोर गतिरोधक दिसायच्या आधीच ते पाय हलकेच दाबायला लागायचे, काकूंच्या मानेला हिसका बसू नये म्हणून. मागचे हॉर्न वाजवायचे. काका वाजवू द्यायचे.

उन्हाळ्यात लातूरच्या दवाखान्यातही डायलिसिसच्या मशीनला पाणी पुरेना. मशीन बंद असली की नांदेड गाठावं लागायचं.

"जिल्हा झाला असता, तर मशीन उदगीरलाच आली असती," काका म्हणाले.

"मशीन आली असती हो," काकू म्हणाल्या. "पाणी काय फाइलीतून येणार होतं?"

शेवटच्या वेळी नांदेडला डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावलं. मी दाराशीच होते. काकूंचं हृदय आता मशीन सोसत नाही, त्यांना घरीच राहू द्या, असं ते म्हणाले. काकांनी दोनदा विचारलं, दुसरं काही बदलून बघता येतं का. डॉक्टरांनी नाही म्हटलं.

परत येताना कंधारच्या पुढे काकू म्हणाल्या, "अहो, माझं किती उरलंय? मारी का निम्मी?"

त्या हसत होत्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

"गप बस जरा," काका म्हणाले. "ब्रेक ऐकू दे."

ब्रेक काहीच बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर द्यायला गेले, तर गाडी जॅकवर होती. काका नवे पॅड बसवून चाक चढवत होते. काढलेले पॅड पायरीवर पडले होते. मी एक उचललं. पुरं मारी बिस्किटाएवढं होतं, थोडं जास्तच.

"काका, हे तर अजून आहे."

"हाव." त्यांनी वर बघितलं नाही. नट आवळत म्हणाले, "हे तरी दुकानात मिळतंय, पोरी."

आतून काकूंचा बारीक आवाज आला. "झालं का हो?"

चाकाचे सगळे नट आवळून झाले होते. मी बघितलं होतं. काकांनी पाना पुन्हा पहिल्या नटाला लावला.

"न्हाई," ते म्हणाले. "अजून हाय थोडं."