फुल्यांचे भगवानराव

परभणीजवळच्या एका सूतगिरणीत हेडक्लार्क भगवानरावांच्या निरोपासाठी भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं ठरलं होतं. एक्क्याण्णव साल होतं आणि त्या काळी निवृत्त होणाऱ्याला घड्याळच मिळे. पण मीटिंगमध्ये मुंजाजी उठून उभा राहिला. "घड्याळ कुनीबी देतंय. आपण सायबाचं चित्र देऊ. मी काढतो कॉम्प्युटरवर." तो गिरणीचा एकमेव कॉम्प्युटर ऑपरेटर होता, त्यामुळे हे जमतं की नाही, हे सांगू शकेल असं दुसरं कोणीच नव्हतं.

कॉम्प्युटर आल्यावर माणसं घरी बसतील म्हणून सगळे ओरडत असताना भगवानरावांनीच मुंजाजीला नांदेडला शिकायला पाठवलं होतं. त्या माणसाला कसंतरी चित्र देऊन चालणार नव्हतं. म्हणून मुंजाजीनं नवी शंभरपानी वही घेतली, वर 'अभिप्राय' असं लिहिलं आणि ठरवलं की खरा अभिप्राय मिळाल्याशिवाय चित्र फ्रेमला द्यायचं नाही.

पडद्यावर एकेक फुली टाकत चित्र तयार झालं. दाट फुल्या म्हणजे काळं, मोकळी जागा म्हणजे उजळ. एकट्या नाकाला जेवणाच्या चार सुट्ट्या लागल्या, पण ते असं उतरलं की बस. मधोमध वाक, शेंड्याला फुगवटा. ते सोळा आणे भगवानरावांचं नाक होतं.

अडचण होती ती खोलीची. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचा नियम होता, उद्घाटनाला तिथं नारळ फुटला होता आणि मशीनवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. तिथं अनवाणी शिरलेला माणूस आपोआप हात जोडायचा. भगवानराव मात्र बूट काढायला तयार नसत, म्हणून वर्षभरात त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

पहिला आला स्टोअरकीपर बन्सीधर. त्यानं चित्र पाहिलं आणि हात जोडले. "लय झ्याक!"

"हात कशाला जोडायलास? कोण हाय ते सांग."

"म्हाराज हायेत की कोन्तेतरी. डोक्यामागं उजेड पडलाय बघ."

तो उजेड म्हणजे भगवानरावांचं टक्कल होतं. मुंजाजीनं त्याच्याभोवती फुल्यांची जाड कड काढली. मग झाडू मारायला कडूबाई आली.

"मावशी, खरं सांगा. कसं दिसायलंय?"

"ब्येस हाय की, बाबा. रांजण तर अक्षी हुबेहूब आलाय."

मुंजाजीनं दात-ओठ खाऊन रांजणावर टोपी चढवली. टोपीच्या कडा फुल्यांत सरळ येईनात. गोल होत होत तिचा पटका झाला. बन्सीधरला चष्मा बैलगाडीच्या चाकासारखा वाटला, म्हणून चष्मा पुसला गेला. बारीक मिशी बघून कॅशियरनं प्रिंटरची रिबन बदलायला सांगितलं, म्हणून मिशी जाड झाली. मुंजाजीनं फक्त नाकाला कोणाला हात लावू दिला नाही.

वही मात्र भरत होती. 'उत्तम कार्य.' 'पाहून समाधान वाटले.' 'अशीच प्रगती होवो.' समारंभाच्या आदल्या दिवशी त्यानं ती पहिल्यापासून वाचली आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं. चित्र कोणाचं आहे, हे एकानंही लिहिलं नव्हतं. पण आता घड्याळ आणायची वेळ निघून गेली होती. नाइलाजानं त्यानं फ्रेम करून आणली आणि मनाशी पक्कं केलं की आता सगळ्यांसमोर खुद्द साहेबांनाच विचारायचं.

शनिवारी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. फ्रेमवरचा कागद निघताच बन्सीधरनं सवयीनं हात जोडले आणि त्याचं बघून मागच्या दोन रांगांनीही जोडले. भगवानराव उठले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"सायेब, खरं सांगा," मुंजाजी म्हणाला. "गोड बोलू नका. कोण वाटायलंय?"

भगवानराव खाली वाकले आणि त्यांनी बूट काढले. सगळी गिरणी बघत राहिली. मग त्यांनी फ्रेमवर डोकं टेकवलं.

"माझा बाप हाय ह्यो," ते म्हणाले. "ताडकळसच्या बाजाराला असाच पटका बांधून निघायचा. मी नऊ वर्साचा होतो तवा गेला. घरात एक फोटू न्हाई बघ. तुला कसा ठाव रे?"

अकरा दिवस खरं ऐकण्यासाठी जिवाचं रान केलेल्या मुंजाजीनं अभिप्रायाची वही पाठीमागे धरली.

"अंदाजानं काढला, सायेब."

"लय उपकार झाले." भगवानरावांनी डोळे पुसले आणि चित्राजवळ जाऊन निरखून पाहिलं. "एक बोलू का? राग धरू नको. नाक तेवढं चुकलंय. बापाचं सरळ होतं."

मुंजाजीनं चित्रातल्या नाकाकडे पाहिलं. मग भगवानरावांच्या नाकाकडे पाहिलं.

"सोमवारी सरळ करून देतो, सायेब," तो म्हणाला आणि त्यानं वही पुढे केली. "तेवढं लिहून द्या."

भगवानरावांनी चष्मा सावरला आणि आपल्या वळणदार हेडक्लार्की अक्षरात लिहिलं : 'चित्र हुबेहूब आहे. नाक मात्र कोणाचे आहे, कळत नाही.'