आत डोकावू नये

मुलांची नाडी मला जेवढी कळते तेवढी ती डॉक्टरलाही कळत नसेल! हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं होतं. संगणक शिकवणारे नवे सर तेव्हा चहा पिता पिता ठसकले. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी सरकारी शाळेत भूगोल शिकवतो. पण जीव अडकलाय तो दुसऱ्याच विषयात. 'खडक आणि माती'! नववीच्या मुलांसाठीचा हा ऐच्छिक विषय मी सुरू केला, त्याची खोली मी मांडली, आणि त्या खोलीतला एकेक दगड उन्हातान्हात हिंडून मीच वेचून आणला. मुलं माझ्या मागे मला 'खडकसर' म्हणतात. पुढ्यातही म्हणतात, पण तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं करतो.

दुःख एवढंच, की हा विषय घ्यायला कुणी येत नाही. नाटकाला झुंबड, संगणकाला झुंबड, गाण्याच्या वर्गाला तर ज्यांना गाता येत नाही त्यांचीही झुंबड! माझ्या वर्गात मात्र दोघांना सर्दी झाली की तास बुडायचा. शेवटी यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"सर, या वेळी दहा मुलं तरी बसली पाहिजेत. नाहीतर विषय बंद. त्या खोलीला मागणी आहे."

"कुणाची?"

"कुणाची नाही ते विचारा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की भेट संपते.

आता इथं आमच्या शाळेची विषय निवडायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. पूर्वी मुलं कागदावर विषय लिहून द्यायची. पण ते कागद घरी आईबापच भरतात, हे बाईंच्या लक्षात आलं. मुलगा नाटकवेडा, बाप संगणकवेडा, आणि वर्षभर रडारड! तेव्हा बाईंनी कागदच बंद केला. निवडीच्या दिवशी प्रत्येक शिक्षकानं आपापल्या खोलीत थांबायचं. पहिल्या घंटेला मुलांना सोडायचं, आणि ज्याला जो विषय हवा त्यानं त्या खोलीत जाऊन बसायचं. दुसरी घंटा झाली की दारं बंद, आणि जो ज्या खोलीत सापडला तो वर्षभर त्या विषयाचा! आणि घंटेनंतर जो व्हरांड्यात उभा दिसेल, त्याला बाई स्वतः शिकवणार. शुद्धलेखन! त्यामुळे आजवर व्हरांड्यात एक मूल सापडलेलं नाही.

मी विचार केला. मूल म्हणजे काय? मूल म्हणजे कुतूहल! त्याला या म्हटलं की ते येत नाही, येऊ नको म्हटलं की धावत येतं. मी घरी आलो आणि बायकोला बेत सांगितला. खोलीला कुलूप घालायचं. खिडक्यांना आतून काळा कागद लावायचा. दारावर पाटी, 'आत डोकावू नये'. निवडीच्या दिवशी दुसऱ्या घंटेच्या जरासं आधी कुलूप उघडायचं, की शाळा आत!

"अहो, पण आत दगडच आहेत ना?" बायको म्हणाली.

"ते तुला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत आहे?"

"मग कळेलच की."

"कळेपर्यंत दार बंद झालेलं असेल!"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाआधी आपण फार चौकशी केली नाही, हे तिला नव्यानं जाणवलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली आणि दगडांची आणखी काही खोकी जुन्या चादरीखाली झाकून, घाम गाळत, मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या समोरून आत नेली. कुलूप लावून वळतो तो मागे नववीतली एक मुलगी उभी. हिला शिक्षक आपसांत 'चौकशी' म्हणतात.

"सर, आत काय आहे?"

मी नुसता हसलो.

"सर, खडक आहेत का?"

मी आणखी हसलो.

"म्हणजे खडक नाहीत!" ती म्हणाली आणि गेली. दुपारपर्यंत सगळ्या नववीला माहीत झालं होतं, की खडकसरांनी खडक मागच्या बाजूनं कधीच हलवलेत आणि आत दुसरंच काहीतरी आणून ठेवलंय.

काय, याबद्दल मात्र मतं वेगवेगळी होती. खेळणारी मुलं म्हणत, व्यायामाची नवी यंत्रं. पहिल्या बाकावरची मुलं म्हणत, पुढच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. एका बारक्या मुलानं दाराला कान लावला आणि आत कुणीतरी श्वास घेतंय असं शपथेवर सांगितलं. दुसऱ्यानं कान लावला, त्यालाही तो श्वास ऐकू आला. दाराच्या दुसऱ्या टोकाला पहिलाच मुलगा कान लावून उभा आहे, हे कुणी पाहिलंच नाही!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत माझ्या खोलीकडे कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि आता व्हरांड्यातून जाणारा प्रत्येक जण दाराशी येऊन चाल मंद करत होता. संगणकाच्या सरांची तर झोपच उडाली. त्यांनी संगणकाच्या नव्या यंत्रांसाठी अर्ज केला होता, ती मला मिळाली असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"सर, किती आली?" त्यांनी मला गाठून विचारलं.

"भरपूर," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते!

पण कुतूहल हा वाईट रोग आहे, आणि तो लागण करणाऱ्यालाही सोडत नाही. सगळी शाळा आत काय आहे, आत काय आहे, असं कुजबुजायला लागली, तेव्हा मलाच वाटायला लागलं, की आत खरंच काहीतरी असेल का? हसू नका! एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात कुणी नाही असं बघून मी वाकलो आणि कुलपाच्या वरच्या फटीला डोळा लावला. आत काळोख. मी श्वास रोखून ऐकू लागलो.

"सर?"

मागे चौकशी आणि तिच्यामागे निम्मा बास्केटबॉलचा संघ!

"सर, म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

मी ताठ झालो आणि शर्ट नीट करत जिन्याकडे निघालो. सकाळी शाळेत नवी बातमी होती. आत काय आहे हे खडकसरांनासुद्धा माहीत नाही, ते फक्त राखण करतात!

ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेली. बोलावणं आलं.

"आत काय आहे?"

"दगड, बाई."

"मग लपवता कशाला?"

"दगड आहेत म्हणूनच."

बाई उठल्या. "चला, दाखवा."

सगळी शाळा व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना गोळा झाली. मी कुलूप उघडलं, बाईंना आत घेतलं, दार लावलं. दिवा लावला. बाईंनी फळ्यांवर मांडलेले दगड पाहिले, खोक्यांतले दगड पाहिले, टेबलाखालीही वाकून पाहिलं. खरं सांगतो, त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतकी निराशा मी कधी पाहिली नव्हती. त्यांनाही वाटलं होतं, की काहीतरी असेल!

"बाई, निवडीच्या दिवसापर्यंत कुणाला सांगू नका. माझा विषय जगेल," मी कळवळून म्हणालो.

बाई काही न बोलता बाहेर पडल्या. दोन्ही बाजूंची मुलं श्वास रोखून बघत होती. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही, कुणाला रागावल्या नाहीत, चष्मा पुसत सरळ आपल्या खोलीत गेल्या.

झालं! मोठ्या बाई आत जाऊन आल्या आणि त्यांची वाचा बसली! माझा बेत मी आखला होता त्याच्या दसपट चालला.

निवडीचा दिवस उजाडला. बायकोनं इस्त्रीचा शर्ट दिला. मी पहिल्या घंटेनंतर मुद्दाम जरा शिक्षकांच्या खोलीत रेंगाळलो. नाट्य असं, की मी सावकाश यावं, मुलांनी वाट सोडावी, मी किल्ली फिरवावी! ऐटीत जिना चढलो आणि वर येऊन पाहतो तो व्हरांडा दिसेचना. नुसती डोकी! नाटकाच्या मुली, गाण्याची मुलं, अख्खा बास्केटबॉलचा संघ, संगणकाचे चष्मेवाले, सगळी नववी माझ्या दारासमोर दाटीवाटीनं उभी. नाटकाच्या बाई आपल्या रिकाम्या खोलीच्या दारात एकट्या उभ्या होत्या. माझे डोळे भरून आले. दहा मागितली होती हो बाईंनी!

"सरका, सरका! वाट द्या!"

"ओ, मागून या!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"अरे, मी आहे! किल्ली माझ्याकडे आहे!"

"सगळे हेच सांगतायत!"

समोर संघातला सगळ्यात उंच मुलगा होता. त्याला 'खांब' म्हणतात, आणि तो खरोखरच खांबासारखा उभा होता. मी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं न वळताच सांगितलं, "ढकलू नकोस रे, सगळ्यांना बघायचंय." मी किल्ली उंच धरून हलवली. कुणीतरी हात वर करून म्हणालं, "इकडे द्या, पुढे पाठवतो." मी देणार होतो? माझ्या आयुष्याची किल्ली मी अशी गर्दीत सोडणार होतो? मी ती मुठीत आवळली, खाली वाकलो आणि पायांमधून घुसायला लागलो. आठवड्याभराच्या मेहनतीनं जमवलेली गर्दी, आणि तिच्यात मीच शिरू शकत नव्हतो! दप्तरं डोक्याला लागत होती, बूट बोटांवर पडत होते. माझं दार हातभर अंतरावर आलं. मी हात लांब केला.

आणि दुसरी घंटा झाली!

सगळ्या माना जिन्याकडे वळल्या. मग जिन्यावरून मोठ्या बाईंची पावलं ऐकू आली आणि कुणीतरी किंचाळलं, "शुद्धलेखन!"

पुढचं सगळं एका झटक्यात झालं. माझ्या दाराला कुलूप. मग उरलं समोरचं दार. ते उघडं होतं, सताड उघडं होतं, कारण ती शिवणाची खोली होती आणि तिच्यात येण्यापासून कुणाला अडवायची वेळ शिवणबाईंवर कधी आलीच नव्हती. ती सगळी गर्दी वळली आणि त्या दारातून आत ओतली गेली. मी गुडघ्यांवर होतो. उठायच्या आत खांबानं मला काखेत धरून आत खेचलं. "चल, चल, नाहीतर बाई पकडतील!" धाडकन दार लागलं.

शिवणबाई सुईत दोरा ओवत एकट्या बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, खोलीभर पाहिलं आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "इतकी मुलं?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे?"

कुणाची हिंमत होणार सांगायची?

मोठ्या बाई दार उघडून आत आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी डोकी मोजायला सुरुवात केली. मी भिंतीशी एका स्टुलावर धापा टाकत बसलो होतो. बाईंचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"बाई, मी शिक्षक आहे!"

"कुठल्या विषयाचे?" बाईंनी विचारलं. "तुमच्या खोलीत किती मुलं आहेत?"

मी माझ्या मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं.

"मग तुमचा तो तास मोकळाच झाला," बाई म्हणाल्या. "जो ज्या खोलीत सापडला तो त्या विषयाचा. नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी मला मोजलं!

शिवणाच्या खोलीत एवढी मुलं मावेनात, तेव्हा माझी खोली शिवणबाईंना देण्यात आली. कुलूप उघडलं त्या दिवशी मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून आत बघत होती. फळ्या पाहिल्या, खोकी उलटीपालटी केली. "एवढंच?" कुणीतरी म्हणालं. चौकशी शांतपणे म्हणाली, "खरी वस्तू हलवलेली दिसतेय." यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि मग माझ्या दगडांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शिवणबाईंनी मात्र पाहिलं. एक एक दगड उचलून, तळहातावर तोलून, प्रेमानं पाहिला. माझ्या मनात आशा उगवली.

"सर, किती छान आहेत हो हे!"

"आहेत ना?" मी पुढे सरसावलो. "हा बघा, हा ज्वालामुखीतून..."

"कापड कापताना सरकू नये म्हणून वर ठेवायला असंच काहीतरी जड हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "प्रत्येक टेबलाला चार चार पुरतील!"

तेव्हापासून आम्ही शिवतो. माझी टीप वाकडी येते, खांबाची सरळ येते, आणि घरी बायको उसवलेले कपडे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. परवा आम्ही पिशवीचं कापड कापत होतो. शेजारच्या टेबलावर चौकशी कात्री खाली ठेवून एक दगड उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवत बसली होती. मग ती माझ्याकडे वळली.

"सर, हा असा पट्ट्यापट्ट्यांचा का असतो? कुणी केलं हे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! माझ्या हातातली कात्री खाली पडली. आजूबाजूच्या दोघातिघांनी, खांबानंही, आपापल्या टेबलावरचे दगड उचलून पाहिले. मी उठून उभा राहिलो, गळा साफ केला, आणि म्हणालो, "फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो, इथं समुद्राच्या तळाशी..."

"मागच्या टेबलावरचे!" शिवणबाईंचा आवाज आला. "बसा खाली! माझ्या तासाला बडबड चालणार नाही!"

मी बसलो. काय करणार? नापास झालो तर पुढच्या वर्षी पुन्हा शिवणच!