निसणीच्या खिंडीतल्या तीन उचक्या

निसणीची खिंड ओलांडायला प्रत्येकी तीन उचक्या लागतात.

घरी कुणी आठवण काढली की माणसाला उचकी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. खिंडीलाही माहीत आहे. ज्याची घरी तीनदा आठवण निघालेली नाही, त्याला ती पलीकडे सोडत नाही. अडवत नाही, फक्त जवळ येत नाही. मागच्या वर्षी एक गृहस्थ हट्टानं तसेच चालत निघाले होते. सकाळपासून चालले आणि संध्याकाळी चौकीच्या त्याच बाकापाशी पोचले. बसचंही तसंच. आत एक जरी माणूस कमी उचक्यांचा असला, तर बस तिथल्या तिथं धावते आणि नुसतं डिझेल जळतं. म्हणून चौकीवर सगळ्यांना उतरवतात आणि उचक्या मोजतात.

रविवारी सकाळी साडेदहाला बत्तीस जणांच्या साहस-सहलीतल्या एकतीस जणांचं मोजून झालं होतं. उरल्या होत्या मिरजेच्या हेमलता शिराळकर.

"तुमची अजून एकही नाही, बाई," चौकीचे कारकून गवस वहीतून मान वर करून म्हणाले.

"येईल हो. आमच्याकडे रविवारी जरा उशिराच उठतात."

टूरचे मॅनेजर बर्वे घड्याळाकडे बघत होते. खिंडीपुढे जंगल होतं आणि जंगलाचं फाटक चारला बंद व्हायचं. "बाराला बस सुटणार," ते म्हणाले. "नाही जमलं तर तुम्हाला खाली विश्रामगृहात सोडतो. पाच दिवसांनी परत येताना घेऊन जाऊ. तिथं कॅरम आहे."

हेमलताबाईंना कॅरम नको होता. त्यांना जंगलापलीकडचं कनकनेरी हे जुनं, उजाड नगर बघायचं होतं. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचं बोटभर चित्र होतं, खाली लिहिलेलं: 'एका घरातील चूल'. बाकी मुली राजवाड्याच्या चित्राला रंग द्यायच्या. ह्यांनी चुलीत लाल पेन्सिलीनं जाळ काढला होता आणि त्याबद्दल छडी खाल्ली होती. ती चूल बघायची इच्छा पुढं अडतीस वर्षं राहिली. घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले होते, "चूल बघायला डोंगर ओलांडणार? घरात आहे ती बघून झाली का?"

शेजारी निवृत्त तहसीलदार खांबेटे बसले होते. त्यांच्या नावावर चहाच्या आत एकोणीस उचक्या लागल्या होत्या आणि अजून येत होत्या.

"तुमची माणसं केवढी आठवण काढतात," हेमलताबाई म्हणाल्या.

"माणसं कसली? तालुक्यात निम्म्या बांधांचे निकाल मी दिलेत. शिव्या घालत असतील."

"शिव्या चालतात?"

"धरतो आम्ही," गवस म्हणाले. "डोंगर भेदभाव करत नाही."

"मग माझ्यातल्या तीन ह्यांच्या नावावर घाला की," खांबेटे म्हणाले.

"हस्तांतर होत नाही साहेब. सातबारा आहे का हा?"

हेमलताबाईंनी सुका लाडू घाईनं गिळून पाहिला. एक उचकी आली, पण गवसांनी लेखणी उचललीच नाही. "ही लाडवाची," ते म्हणाले. "आठवणीची वेगळी वाजते. फोन करायचा तर करा. मात्र आठवण काढा असं म्हणायचं नाही, आणि फोन चालू असतानाची धरत नाही."

हेमलताबाईंनी घरी फोन लावला.

"अगं, मजेत आहोत," यजमान म्हणाले. "रविवारचा डबा काढून ठेवलाय. आमचं काही म्हणजे काही अडत नाहीये."

"काहीच नाही?"

"कागदावर सगळं आहे ना. नचिकेत म्हणतो, आईपेक्षा कागद बरा. दहादा विचारलं तरी चिडत नाही. बरं, ठेवतो. आंघोळ राहिलीय."

हेमलताबाई बाकावर येऊन बसल्या. दोष कुणाला देणार? निघायच्या आधी आठ दिवस त्यांनी डबे भरले होते, भाज्या वारांप्रमाणे लावल्या होत्या, तेवीस बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि खाली कंसात 'साखर नव्हे' असंही लिहिलं होतं. कागदाच्या शेवटी होतं, 'दूध तापत असताना तिथंच उभं राहावं.' आपल्यावाचून कुणाचं अडू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं आणि ते पहिल्याच फटक्यात साधलं होतं. शाळेतही असं कधी झालं नव्हतं.

विश्रामगृहाची पिशवी भरायला त्या उठल्या. चेन ओढताना अंगठ्याचं नख तुटलं. ते कापायला काही मिळतं का म्हणून त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि हाताला नेलकटर लागलं.

त्या हळूच खाली बसल्या. घरात नेलकटर एकच होतं. टीव्हीखालच्या खणात असायचं. निघायच्या दिवशी नखं कापून त्यांनी ते चुकून पर्समध्ये टाकलं होतं. आणि यजमान रविवारी आंघोळ झाल्यावर वर्तमानपत्र पसरून नखं कापायला बसतात, ह्यात तीस वर्षांत खंड पडलेला नव्हता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"पावणेबारा," बर्वे म्हणाले.

बाराला बारा मिनिटं कमी असताना पहिली उचकी आली. गवसांनी कान दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वस्तू'.

"वस्तू सापडत नाही म्हणून काढलेली चालते ना?"

"बायकांच्या बहुतेक त्याच असतात, बाई. त्या नाकारल्या तर इथून कुणी पलीकडे जायचंच नाही."

लगेच दुसरी आली. नचिकेतही शोधायला लागला असावा. पुन्हा 'वस्तू'.

मग काहीच नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खांबेट्यांनी स्वतःची उचकी तोंड दाबून धरली, उगाच गडबड नको म्हणून. बाराला एक मिनिट कमी असताना तिसरी आली. ती लांबट होती आणि जरा थांबून आली. गवसांनी लेखणी टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"काय लिहिलंत?"

"कारण रिकामं ठेवलंय. ही वस्तूची नाही."

"रिकामं चालतं?"

"रिकामं चालतं. खोटं चालत नाही," गवस म्हणाले. "परतीलाही तीन लागतील बरं."

हेमलताबाईंनी नेलकटर पर्सच्या तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवलं.

जंगलात दोन दिवस गेले. पायांना जळवा लागल्या, खांबेट्यांचा बूट चिखलात राहिला. कनकनेरीत सगळे राजवाड्याकडे वळले आणि हेमलताबाई चुलीपाशी थांबल्या. चूल चित्रातल्यापेक्षा लहान होती. एका बाजूचा दगड घासून गुळगुळीत झाला होता. इथं उजव्या हातानं काम करणारी कुणी बसत असणार. तिनं डबे भरून ठेवले होते का? तिच्यावाचून कुणाचं अडलं होतं का?

तेवढ्यात चुलीच्या आतून उचकी ऐकू आली. बारीक, कोरडी. थोड्या वेळानं दुसरी.

पाणी द्यावं म्हणून हेमलताबाईंनी बाटलीचं झाकण काढलं. पण नियम त्यांना आता ठाऊक होता: खिंडीसाठी तीन पुऱ्या होईपर्यंत उचकी थांबवायची नाही. त्या बाटली हातात धरून तशाच बसल्या आणि तिचीच आठवण काढत राहिल्या. तिसरी आल्यावर मगच त्यांनी चुलीपुढं घोटभर पाणी ओतलं.

परतीला चौकीवर हेमलताबाईंच्या नावावर अकरा लागल्या. दहा वस्तूच्या, एक रिकामी. गवसांनी त्यांच्या खांद्यामागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"आणि ह्यांच्या?"

"तीन. चुलीपाशी मी मोजल्यात."

"कारण?"

"रिकामं ठेवा."

गवसांनी लिहिलं आणि बसला हात दाखवला. बसमध्ये हेमलताबाई खिडकीकडे सरकून बसल्या. खांबेट्यांनी मधल्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.