टकटक्याची नोंदणी

आमच्या डाळ मिलमधलं कुठलंही मशीन मला विचारल्याशिवाय बंद पडत नाही. ही फुशारकी नाही. देवणी रस्त्यावर बसवंतआप्पांची मिल उभी राहिली तेव्हापासून मी तिथं आहे, आणि एकतीस वर्षांत मी दोनदाच रजा घेतली. एकदा लेकीच्या लग्नाला आणि एकदा मांडीला गळू झालं तेव्हा. दोन्ही वेळा मिल बंद पडली. इतकं झाल्यावर माणसाने स्वतःबद्दल काय समजायचं, तुम्हीच सांगा.

आधी मशीन समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. तूर रोलवर भरडली जाते, एलिव्हेटर ती वर चढवतो आणि वरून ती पत्र्याच्या एका पन्हाळीतून चाळणीवर पडते. ही पन्हाळ पहिल्यापासून नखरेल. डाळ कडेला साठायची, गच्च बसायची, आणि पुढे वाट नाही म्हटल्यावर वरच्या तोंडातून डाळीचा पाऊस सुरू व्हायचा. घडीघडीला कुणीतरी शिडीवर चढून काठीने ढोसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

अकरा वर्षांपूर्वी देवणीच्या बैलबाजारात मी एक बैल पाहिला. रवंथ करताना त्याची मान हलायची आणि गळ्यातली घंटा आपोआप वाजायची. बैलाला त्यासाठी वेगळे कष्ट नव्हते. मी परत आलो, तेलाचा रिकामा डबा कापला, सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली आणि डबा पन्हाळीला असा टांगला की चाळणी हलली की डबा हलणार आणि पन्हाळीवर टक टक आपटणार. डाळ सुतासारखी सरळ यायला लागली. बायामाणसांनी त्याचं नाव टकटक्या ठेवलं. मी शिडीवरून उतरलो तो परत चढलो नाही. मालकाला यातलं काही ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. बसवंतआप्पा मोजकंच बोलतात, आणि तेही बहुतेक डाळीशी.

मग आप्पांचा मुलगा रविकिरण पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला. पोरगा गुणाचा. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून त्याने मिल पाहिलेली. आल्या आल्या त्याने दोन घोषणा केल्या. पहिली, मिलमध्ये नवकल्पना कक्ष निघणार. दुसरी, साठीच्या पुढच्यांना दसऱ्यानंतर सन्मानाने निवृत्ती. साठीच्या पुढचा मिलमध्ये मी एकटाच होतो, त्यामुळे सन्मान कुणाचा हे विचारायची गरज पडली नाही.

"दगडोबामामा, लई केलंत. आता आराम करा," तो मला म्हणाला. "फक्त जायच्या आधी तुम्हाला जे जे येतं ते अर्जात लिहून पेटीत टाका. अर्ज पेटीत पडला की तुम्ही मोकळे."

"आन् न्हाई पडला तर?"

"पडल्याशिवाय सोडणार नाही. नियमच आहे. आधी ज्ञान पेटीत, मग माणूस घरी."

घरी जायची मला भीती होती, हे कबूल करतो. शिवकांताने, म्हणजे आमच्या घरच्यांनी, माझ्यासाठी ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात जागा ठरवली होती. तिथं बसलं की मी कुणाच्या पायात येत नाही, असं तिने बसवून दाखवलं. खरंच येत नव्हतो. पण एकतीस वर्षं मशीन ऐकलेला माणूस त्या कोपऱ्यात काय ऐकणार?

नवकल्पना कक्ष म्हणजे एक पेटी. जाड पत्र्याची, पिवळ्या रंगाची, वरच्या बाजूला चिठ्ठी टाकायची फट, खाली कुलूप. किल्ली मुनीम वसंतरावांकडे. समिती तिघांची होती: रविकिरण, वसंतराव आणि एक रिकामी जागा. ती जागा कशी भरावी याबद्दल पेटीत सूचना मागवल्या होत्या. नियमांचा कागद भिंतीवर लागला. कुणीही मशीनला काही लावायचं असो, काढायचं असो, बंद करायचं असो, आधी चार पानांचा अर्ज पेटीत. समितीची मंजुरी आली की मग हात लावायचा.

महिन्याने पेटी उघडली. आत चहात साखर वाढवा अशा सात चिठ्ठ्या, पंखा द्या अशा तीन, एक एसटीचं तिकीट आणि एक कागद, त्यावर लिहिलेलं, 'माझी काही सूचना नाही', खाली सही. डाळ निवडणाऱ्या बायांची म्होरकी उमाबाई हिने माझ्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी होती, 'पेटी खाली घ्या, हात पोचत नाही.' ती चिठ्ठी पेटीत टाकायलाही मलाच जावं लागलं होतं. वाचून झाल्यावर सगळं परत पेटीतच गेलं.

इकडे खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं, वजनं, अवजारं चौरंगावर मांडून पूजा होते आणि मिलला सुट्टी असते. रविकिरणने त्याच दिवशी कक्षाचा कार्यक्रम ठरवला. लातूरहून मन्मथआप्पा येणार होते, तिथले मोठे डाळवाले. त्यांच्यासमोर मिलमधली नवकल्पना सादर होणार होती. आणि समितीकडे दाखवायला एसटीचं तिकीट होतं.

वसंतरावांनी मला बाजूला घेतलं. हा माणूस माझा गुरू. माझ्या वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी मला पोत्यांवरचे शिक्के दाखवून अक्षरं शिकवली. मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'उदगीर', तोही उलटा, कारण पोतं उलटं होतं.

"दगडोबा, तुझा तो डबा नोंदव," ते म्हणाले. "अरे, नवकल्पना करणाऱ्या माणसाला घरी कोण पाठवील? पाठवला तर पाहुण्यांपुढं काय सांगतील?"

हे मला पटलं. अर्ज लिहायला आठ दिवस लागले. उपकरणाचे नाव, टकटक्या. प्रेरणा, बैल. साहित्य, रिकामा डबा. पुढे तिसऱ्या पानावर जोखीम असा रकाना होता. तिथं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'डबा काढला तर मिल तुंबेल.' पर्यायी व्यवस्था विचारली होती, तिथं लिहिलं, 'मी, काठी घेऊन.'

अर्ज एका दिवसात मंजूर झाला. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की तिसऱ्या पानापर्यंत कुणी पोचलेलं नाही.

रविकिरण मिलमध्ये आला आणि वर पाहून थक्क झाला. अकरा वर्षं डोक्यावर टांगलेला डबा त्याने प्रथमच पाहिला. त्याने माझी पाठ थोपटली. मग म्हणाला, पाहुण्यांना शिडीवर कसं चढवणार? नवकल्पना खाली आणू, नीट दिसली पाहिजे. सुट्टीच आहे, मशीन कुठं चालणार? मलाही ते बरोबर वाटलं. मी स्वतः खालूनच आकडीच्या काठीने डबा उतरवला. त्यावरचं तेल पुसून चंदेरी रंग दिला. इतक्या वर्षांचा तो काळा डबा सासरी निघालेल्या पोरीसारखा दिसायला लागला.

खंडेनवमीला सकाळी शिवम्मा अम्मांनी, म्हणजे रविकिरणच्या आईने, चौरंग मांडला. वजनं, पाने, हातोडे आणि मध्यभागी टकटक्या. त्याला विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला, हार घातला. मग अम्मा मिलमध्ये जाऊन मशीनलाही झेंडूची माळ घालून आल्या. मला शाल मिळाली. मन्मथआप्पांनी माझा हात हातात घेतला आणि फोटो होईपर्यंत सोडला नाही. मी पहिल्या रांगेत बसलो. भाषणात माझं नाव चार वेळा आलं. मी मोजत होतो.

आणि मग मन्मथआप्पा म्हणाले, "डबा बघितला. पण तो करतो काय, ते तर दाखवा. थोडं मशीन चालवा की."

सुट्टीच्या दिवशी मशीन? रविकिरणने आईकडे पाहिलं. अम्मांनी जरा विचार केला आणि सांगितलं की मुहूर्तापुरतं पाच मिनिटं चालवलं तर देवाची हरकत नाही. टाळ्या पडल्या. बटण दाबायचा मान कुणाचा? दगडोबामामांचा.

आता इथं माझी चूक सांगतो. डबा चौरंगावर आहे हे मला दिसत होतं. माझ्यापासून दहा हातांवर तो चमकत होता. पण खांद्यावर शाल होती, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अशा वेळी माणसाचं डोकं नवरदेवासारखं होतं. मी छाती पुढे काढून बटण दाबलं.

पहिलं मिनिट छान गेलं. मन्मथआप्पा चाळणीजवळ जाऊन मान वर करून उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टकटक येत नव्हती. तिसऱ्या मिनिटाला पन्हाळ तुंबली आणि वरच्या तोंडातून डाळ सुरू झाली. पाहुण्यांच्या फेट्यात डाळ, खिशात डाळ, सदऱ्याच्या गळ्यातून आत डाळ. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. लातूरकडे पाहुण्यांवर फुलं उधळतात, इथं डाळ उधळत असतील, अशा समजुतीने ते हात जोडून उभे राहिले.

रविकिरण माझ्याजवळ धावत आला. "मामा, बंद करा."

"बंद केलं तर एलिव्हेटर भरल्या पोटी अडकून बसंल. सगळा उकलावा लागंल. तिसऱ्या पानावर लिवलंय मी."

"मग?"

"डबा पायजे."

तो चौरंगाकडे वळला. अम्मांनी आडवा हात धरला. मशीन उभ्याउभ्या पुजलंय, ते चालेल. पण चौरंगावर बसवलेली वस्तू उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उठत नाही.

"अम्मा, तेलाचा डबा आहे तो."

"काल होता," अम्मा म्हणाल्या. "आज तीन पट्टे हायत त्याच्यावर."

एक माणूस काठी घेऊन शिडीवर चढू शकला असता. पण माझे गुडघे अकरा वर्षांत चढायचं विसरले होते, आणि दुसऱ्या कुणाला कुठं ढोसायचं ते माहीत नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर पिवळी पेटी दिसली. जाड पत्रा, बेताचं वजन, वर अडकवायला कडी. मी ती खिळ्यावरून उपसली, उमाबाईने शिडी धरली, आणि कसा चढलो ते मला विचारू नका. पट्टी तिथं लोंबतच होती. घाईत पट्टी कडीऐवजी कुलपात अडकली आणि पेटी उलटी टांगली गेली, फट खाली आणि कुलूप वर. चाळणीचा हिसका बसला, पेटी हलली आणि पन्हाळीवर आपटली.

टक. टक. टक.

डाळीचा पाऊस थांबला. खाली अशी एकसारखी धार पडायला लागली की डब्याच्या काळातही पडली नव्हती. पेटी जड होती ना! मन्मथआप्पांनी फेटा झटकला आणि टाळ्या वाजवल्या. लातूरला गेल्यावर आपल्या मिलमध्येही सूचनापेटी लावतो, म्हणाले. ती त्यांनी उलटी लावली की सुलटी, ते अजून कळलेलं नाही.

दसरा झाला. उत्तरपूजा झाली. टकटक्या आता ऑफिसात काचेच्या कपाटात असतो, हारासकट. तिसऱ्या दिवशी रविकिरणने मला बोलावलं. बसवंतआप्पाही तिथं बसले होते. माझ्या खिशात निवृत्तीचा अर्ज तयार होता. चार पानं भरली होती, खाली सही केली होती. मला जे जे येतं ते सगळं त्यात होतं, आणि खरं सांगायचं तर चौथं पान अर्धं रिकामं राहिलं होतं.

"मामा, झालं ते झालं," रविकिरण म्हणाला. "पेटी काढा, डबा लावा, आणि तुमचा अर्ज पेटीत टाका."

मी उठलो. तेवढ्यात आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

"रवी, पेटी काढायला अर्ज लागतो न्हवं का?"

"हो, पण..."

"तो कुठं टाकायचा?"

"पेटीत."

"पेटी तर चालू मशीनवर हाय. मशीन बंद करायला?"

रविकिरणने फाइलमधून नियमांचा कागद काढला. वसंतराव वहीत डोकं घालून बसले, पण त्यांचे खांदे हलत होते.

"नियम तूच केलास," आप्पा म्हणाले. "मामाचा अर्ज पेटीत पडला की मामा मोकळा. तवर कसा सोडायचा त्याला? अकरा वर्षं ती टकटक ऐकतोय मी." आणि चष्मा लावून ते माझ्याकडे न बघता डाळीचा नमुना बघायला लागले. टकटक्या त्यांना अकरा वर्षं माहीत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. पेटीत उरलेल्या चिठ्ठ्या खालच्या फटीतून एकेक करून चाळणीवर पडतात. उमाबाई डाळ निवडताना तीन ढीग करते: खडे, काड्या आणि सूचना. सूचना ती माझ्याकडे आणून देते, मी वाचतो आणि जमेल ते करून टाकतो. पंखा लागला. साखर वाढली. समितीच्या वार्षिक अहवालात मात्र लिहिलंय की यंदा कामगारांकडून एकही सूचना आलेली नाही.

माझा अर्ज अजून खिशात आहे. पेटी थांबली की टाकायचा, असा शब्द मी रविकिरणला दिलाय. आता लाईट गेली की मशीन थांबतं, हे खरं आहे, आणि लाईट आमच्याकडे रोज जाते. पण नेमका त्याच वेळी मी चहाला गेलेला असतो.