हुबाचेकच्या सहा गायी

"गायी नाहीत," एर्विन हुबाचेक फोनवर म्हणाला.

"नीट बघ," त्याची बायको बर्नडीन म्हणाली. "सहा आहेत. प्रत्येकीला चार पाय आहेत. दिसायला पाहिजेत."

"अगं, चौदा एकरांत झाड एक आहे. त्याच्यामागे सहा गायी लपत नाहीत."

"मग शोध. दहाला ती बाई येणार. मी इथे दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेय. मला हसवू नकोस आणि रडवूही नकोस."

नऊ वाजून दहा मिनिटं.

ती बाई म्हणजे लुपे सेर्ना, काउंटीच्या करखात्याची तपासनीस. हुबाचेकच्या जमिनीवर खरोखर गुरं चरतात का, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. चरत असतील तर ती शेतजमीन. नसतील तर तो शहरातला भूखंड, आणि तसल्या भूखंडाचा कर भरायचा तर आधी भूखंडच विकावा लागतो. एर्विनच्या आजोबांनी ही जमीन घेतली तेव्हा ह्यूस्टन तीस मैलांवर होतं. हुबाचेक मंडळी तेव्हापासून जागची हललेली नाहीत. शहरच चालत आलं, आणि येताना सहापदरी रस्ता घेऊन आलं.

गायी कुठे गेल्या हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. पूर्वेच्या कुंपणाचे दोन खांब आडवे झाले होते. शेजारच्या वसाहतीचा नाला खणणाऱ्या यंत्राने ते पाडले होते आणि कामगारांनी त्या जागी पिवळी फीत बांधली होती. फितीवर ‘प्रवेश बंद’ लिहिलेलं होतं. अलीकडे दोन महिने पाऊस नाही, गवताचा काथ्या झालेला. पलीकडे हिरवीगार हिरवळ, तिच्यावर सकाळपासून फवारे. तुम्ही गाय असता तर वाचत बसला असता?

वसाहतीचं नाव ‘लाँगमेडो रँच’. नाव रँच, म्हणजे गुरांचा मळा, पण नियम क्रमांक सतराप्रमाणे तिथे कोंबडीसुद्धा पाळता येत नाही. नियम क्रमांक अठरा कचऱ्याच्या डब्यांबद्दल आहे. तो सोडून देऊ.

नऊ पंचवीस.

एर्विनचा पिकअप वसाहतीत शिरला तेव्हा नमुना-घराच्या उद्घाटनाची गर्दी जमत होती. दोन गायी हिरवळीवर, एक फुलांच्या वाफ्यात, दोन मुलांच्या उथळ तलावात पोटापर्यंत. सहावी गॅरेजमध्ये. तिथे एसी होता.

घरं विकणारी रोशेल ब्रूसार्ड पांढऱ्या जाकिटात, हातात गार चहाचा जग घेऊन धावत आली.

"मिस्टर हुबाचेक, या तुमच्या?" तिने ओठांवरचं हसू न मोडता विचारलं.

"माझ्याच. चुकल्या. नेतो लगेच."

"बारापर्यंत हात लावायचा नाही."

"काय?"

"हळू बोला. ती मिसेस फाम बघा, निळ्या टोपीतली. नवऱ्याला घेऊन तीनदा येऊन गेली, तीनदा ‘विचार करतो’ म्हणाली. आज वाफ्यात गाय बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणते, अशी मोकळी हवा हवी होती. मी सांगून टाकलंय, गायी वसाहतीच्याच आहेत."

"वसाहतीच्या? मग तपासनीसबाईला मी काय दाखवू, माझं तोंड? सहा वर्षं तुमची कंपनी माझी जमीन मागतेय. जमीन मिळेना म्हणून आता गायी?"

"उसन्या हो! फक्त बारापर्यंत."

इथे गोष्ट थांबवून हॉर्नबद्दल सांगणं भाग आहे.

हुबाचेकच्या गायी हाकेला ओ देत नाहीत. रोज सकाळी एर्विन पिकअप घेऊन माळावर जातो, तीनदा हॉर्न वाजवतो आणि मागच्या बाजूने पेंड टाकतो. वासरं होती तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे: हॉर्न वाजला की जेवण. ह्यूस्टनच्या माणसाला मात्र हॉर्नचा एकच अर्थ माहीत असतो. बाजूला हो.

पहिला हॉर्न मिस्टर फामने वाजवला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी लाल गायीमागे अडली होती. गाय वळली, खूश झाली आणि त्याच्या बॉनेटशी येऊन उभी राहिली. त्याने आणखी जोरात वाजवला. तलावातल्या दोघी निथळत आल्या. मागच्या गाडीला उशीर होत होता, तिनेही वाजवला. तिच्या मागचीनेही. गॅरेजमधली धावत आली.

"वाजवू नका!" एर्विन हात हलवत ओरडला.

"काय म्हणता?" फामने काच खाली केली. काचेतून एक मोठं ओलं तोंड आत आलं.

"वाजवू नका म्हणतोय!"

"अहो, हटत नाहीयेत त्या!" असं म्हणून फामने घाबरून पुन्हा हॉर्न दाबला.

नऊ पन्नास. अकरा गाड्या अडकल्या होत्या. बारावी पांढरी होती, दारावर काउंटीचा शिक्का. हुबाचेकच्या फाटकाकडे जाणारा जुना रस्ता नाल्यासाठी बंद होता, म्हणून फोनवरच्या नकाशाने लुपे सेर्नाला वसाहतीतून घातलं होतं. ती वक्तशीर बाई. रस्ता अडलेला दिसल्यावर तिने जे करायचं तेच केलं.

गायीने आधी तिची कोलाची खाल्ली, म्हणजे फळ भरलेला गोड पाव. पेट्रोल पंपावरून घेतलेली, जर्दाळूची, अजून कोमट. मग कागदाचा पुडा.

"कोणाची गाय आहे ही?" लुपेने गाडीतूनच विचारलं.

"आमची," रोशेल म्हणाली. निळी टोपी ऐकत होती.

"माझी," एर्विन म्हणाला.

"एकाने बोला. फॉर्मवर मालकाला एकच ओळ आहे."

"बाई, देवाशप्पथ माझी. माझ्या जमिनीवर चरते."

"आत्ता माझ्या मांडीवर चरतेय." लुपेने गायीचं तोंड कोपराने बाहेर ढकललं. "हे बघा, दहा वाजता मी तुमच्या माळावर उभी असेन. गुरं दिसली तर गुरं लिहीन. नाही दिसली तर रिकामी जागा लिहीन. वाद तुम्ही नंतर घाला."

एर्विन पिकअपमध्ये चढला. त्याने रोशेलकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दया आली असती. तीन हॉर्न, लांब, रोजच्यासारखे.

सहाही माना वळल्या.

पिकअप पिवळी फीत तोडून माळावर उतरला, मागे सहा गायी दुडक्या चालीने, त्यांच्यामागे फामची गाडी, कारण मिसेस फाम गाडीत चढून ओरडत होती, "त्यांच्या मागे घे! मागे घे!" फामच्या मागच्यांना वाटलं, ही प्रकल्प दाखवण्याची सहल आहे. तेही निघाले. शेवटून दुसरी लुपे, शेवटी रोशेल, पळत, चपला हातात.

दहा वाजून दोन मिनिटं. धूळ बसली.

लुपेने गायी मोजल्या. मग गाड्या मोजल्या.

"गुरं सहा. वाहनं तेरा. मिस्टर हुबाचेक, हे कुरण आहे की पार्किंग?"

"बाई, गाड्या चरत नाहीत."

लुपेने जरा विचार केला. गायी तेवढ्यात पेंडीवर तुटून पडल्या होत्या. तिने लिहायला घेतलं.

मिसेस फाम गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून उभी होती. "गायी यांच्या आहेत तर."

"शेजारच्या," रोशेल धापा टाकत म्हणाली. "शेजारच्या म्हणजे आपल्याच."

"माझं काही म्हणणं नाही. पण हा माळ असाच राहणार ना? की उद्या इथेही घरं?"

कंपनीच्या नकाशात या चौदा एकरांवर चौऱ्याण्णव घरं केव्हाच काढून झाली होती. प्रत्येक घराला रंगसुद्धा दिलेला होता. रोशेलने नकाशा आठवला, मग आपल्या पायांतले काटे बघितले.

"असाच राहणार."

"लिहून द्या."

पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून रोशेलने लिहून दिलं: पंधरा वर्षांत मागच्या खिडकीतून गायी दिसेनाशा झाल्या, तर कंपनी घर परत घेईल. बाकीचेही पुढे सरसावले. त्यांनाही तेच कलम हवं होतं. बारा वाजेपर्यंत पाच घरं गेली.

"राहिली जमीन," एर्विनने बर्नडीनला फोन केला.

पलीकडून नुसताच एक ओला आवाज आला.

"रडतेस का?"

"अद्धं तोंद बधील आहे," बर्नडीन म्हणाली. "उलेलं ललतंय."

कंपनीने चौऱ्याण्णव घरांचा नकाशा गुंडाळला आणि हुबाचेकला नवं लोखंडी कुंपण घालून दिलं. स्वतःहून. गायी बाहेर पडू नयेत म्हणून.

सहा महिन्यांनी, रहिवाशांच्या फोनवरच्या गटावर:

माशांवर कोणाकडे उपाय आहे का?

रोज साडेसहाला तीन हॉर्न. हे कायदेशीर आहे का?

वास येतो.

कसला?

खेड्याचा.

तपकिरी गाय बाकीच्यांना शोभत नाही. समितीने रंग ठरवून द्यावा.

शेवटी एका शनिवारी शिष्टमंडळ कुंपणाशी आलं. पुढे मिसेस फाम. एर्विन पाण्याची टाकी घासत होता.

"मिस्टर हुबाचेक, गायी जरा लांब हलवता येतील का?"

"हो की. नजरेआड नेतो. मग तुमची घरं कंपनीला परत. तुमच्याच कागदात आहे."

शिष्टमंडळ मागे सरकलं. मिसेस फाम राहिली.

"बरं, राहू द्या. पण एक सांगू? त्या सगळ्या कायम आमच्याकडे पाठ करून उभ्या असतात. सकाळी पडदा उघडला की सहा शेपट्या. तोंडं इकडे नाही का करता येणार?"

एर्विनने ब्रश खाली ठेवला.

"बाई, त्या तिकडे बघतात, कारण तिकडे अजून कोणी काही बांधलेलं नाही."

मिसेस फामने तिकडे बघितलं. पश्चिमेला, हुबाचेकच्या कुंपणापलीकडे, माळ थेट आभाळापर्यंत गेला होता. मग ती घरी गेली.

सोमवारी पश्चिमेच्या माळावर नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या गेल्या. बुधवारी बुलडोझर आला.

गुरुवारी सकाळी मिसेस फामने पडदा उघडला. सहाही गायी तिच्याकडे तोंड करून, टक लावून उभ्या होत्या. तिने हात हलवून बघितला. मग हळूच पडदा ओढून घेतला.