वझेकाका आणि नदीची परवानगी

न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये झाड पडलं की लोक करवतवाल्याला फोन करतात. वझेकाका आधी हद्द ठरवतात. बुंधा फूटपाथवर असेल तर सिटी कौन्सिल, फांद्या नदीत असतील तर रीजनल कौन्सिल, आणि शेंडा हायवेवर गेला असेल तर थेट राजधानी वेलिंग्टन. एकदा रस्ता ओलांडणाऱ्या बदकांसाठी मी गाडी थांबवली, तर शेजारी बसलेले काका गंभीरपणे म्हणाले, "आत्ता सिटीची आहेत. पाण्यात उतरली की रीजनलची."

मी इथल्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आणि काकांची शेजारीण. काका तिकडे महाराष्ट्रात एका नगरपालिकेत हेडक्लार्क होते. मुलाने आईवडलांना इथे आणलं आणि नोकरीपायी स्वतः सिडनीला गेला. काका-काकू राहिले. इथली रिटायर्ड मंडळी गोल्फ खेळतात, आमचे काका कौन्सिलच्या मीटिंगांना बसतात. नागरिकांना बोलायला जी मोजकी मिनिटं देतात, ती त्यांनी कधी वाया घालवली नाहीत. तिथली माणसंही भली. "किया ओरा, मिस्टर वाझी," म्हणून हसून खुर्ची देतात. काकांना गाडी येत नाही, त्यामुळे त्यांची ड्रायव्हर मी. सुट्टीच्या दिवशी सांडपाण्यावरची चर्चा ऐकणं कुणाच्याही नशिबी येऊ नये.

मागच्या हिवाळ्यात सुमनकाकू गेल्या. अस्थी इथे पिठासारख्या बारीक करून डब्यात देतात. काकांनी तो डबा देवाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "नदीत सोडायच्या. पण रीतसर."

ज्या पाण्यातून खायचं घ्यायचं त्यात मृताची राख मिसळणं इथल्या मूळच्या माओरी लोकांना पटत नाही, त्यामुळे विचारायला हवं हे खरंच. पण आमच्या मराठी मंडळींचं आपलं वेगळंच. "काका, पहाटे गुपचूप जाऊन या, कोण बघतंय?" सिडनीहून मुलगाही फोनवर तेच म्हणाला. काका एवढंच म्हणाले, "जन्मभर संसार केला तिच्याबरोबर. तिला चोरून सोडू?"

मग सुरू झालं. काठावरची वाट सिटीची, पाणी रीजनलचं. नदी समुद्राला मिळते तिथे तर तिसरीच कौन्सिल निघाली. ते कळल्यावर काकांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. बायको जाऊन महिनाही झाला नव्हता आणि या माणसाला कौन्सिल वाढल्याचा आनंद. मला खरं सांगायचं तर रागच आला. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. काल कुणाला भेटलो, आज कुणाला भेटायचं, सगळं खणखणीत. मला वाटायचं, भाषणाची तयारी चाललीय.

शेवटी आम्ही नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या एका माओरी वडीलधाऱ्या गृहस्थांना भेटलो. त्यांनी काकूंचं नाव, गाव, माहेर सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, मुखापाशी एक जागा आहे, तिथून कुणी मासे घेत नाही. ओहोटीला या, मीही येतो, प्रार्थना म्हणतो. तिन्ही कौन्सिलांचेही होकार पाठोपाठ आले. मी म्हटलं, "काका, जिंकलात." काका खिडकीबाहेर बघत राहिले.

ठरल्या दिवशी वारा बोचरा होता. गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. मला शब्द कळले नाहीत. पाणी समुद्राकडे ओढलं जात होतं. काका डबा छातीशी धरून काठावर उभे. बराच वेळ गेला.

"काका," मी हळूच म्हटलं, "भरती लागेल आता."

"मेघना, मला वाटलंच नव्हतं गं हे हो म्हणतील." ते पाण्याकडेच बघत बोलत होते. "जन्म गेला माझा नगरपालिकेत. तीन ऑफिसं म्हणजे फाइल माझ्या हयातीत काही हलायची नाही, असा हिशोब केला होता मी. रोज सकाळी तिला सांगायचो, आज इथपर्यंत आलंय, अजून बराच वेळ आहे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडू आवरलं नाही.

गृहस्थांना मराठी कळत नव्हतं, पण डबा कसा धरलाय ते त्यांना दिसत होतं. ते जवळ आले आणि इंग्रजीत म्हणाले, "आजच सोडलं पाहिजे असं नाही. नदी कुठे जात नाही."

काका एकदम कावरेबावरे झाले. "मग पुन्हा यायचं तर... कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही. हवं तेव्हा या."

काकांनी मान हलवली, स्वेटरची चेन उघडली आणि वारा लागू नये म्हणून डबा आत घेतला.