डबा परत पाठवावा

"मंगल! माझा दाढीचा डबा कुठं गेला?"

"नागपूरला," स्वयंपाकघरातून शांतपणे उत्तर आलं.

हंबीररावांनी उभी हयात फौजेत काढली होती. हवालदार म्हणून निवृत्त झाले तरी वस्तू जागेवर नसली की त्यांचं डोकं अजून फिरायचं. तोंडाला लावलेल्या पाण्यानिशी ते चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"नागपूरला? आन् ब्रश?"

"ब्रश हाय की. खिडकीत तांब्यात ठिवलाय."

"माझ्या दाढीच्या डब्यात तू लोकास्नी चटणी पाठिवलीस?"

"चिंचेनं घासला, उकळत्या पाण्यातनं काढला. काय वास येत न्हवता," मंगल म्हणाली आणि भाजलेले शेंगदाणे सुपात पाखडू लागली. तिच्या मते विषय संपला होता.

खरं तर या चटणीच्या धंद्याची सुरुवातच एका वासावरून झाली होती. त्यांची एकुलती एक लेक शिवांजली बेंगळूरला नोकरी करायची. मंगल तिला दर महिन्याला शेंगांची चटणी धाडायची, उखळात कुटलेली, लसूण सढळ हातानं घातलेली. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर शिवांजलीनं फोनवर चाचरत सांगितलं होतं, "आई, आता चटणी नको पाठवू. खोलीत लसणाचा वास येतो. सोबतची मुलगी नाक धरून बसते." मंगल "बरं" एवढंच म्हणाली. त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. सर्दी-पडसं, पाऊसपाणी, शेजारणीची म्हैस, सगळ्यावर बोलणं व्हायचं. चटणीचं नाव दोघी काढायच्या नाहीत. मंगलला वाटायचं, लेक एकदा तरी म्हणेल. लेक म्हणायची नाही.

पण हाताला कोण सांगणार? महिना भरला की हात आपोआप शेंगदाणे भाजायला घ्यायचे, आणि दोन माणसांच्या घरात पातेलंभर चटणी व्हायची. हंबीरराव ती न्याहारीला खायचे, जेवणात खायचे, आणि रात्री पाणी पीत बसायचे. शेवटी धाकटी जाऊ रेश्मा म्हणाली, "आक्का, फोनवर दुकान काढू या. बायकास्नी घरबसल्या माल इकता येतो. लोकं घरचं खायाला तळमळत्यात."

"लोकांच्या लेकी तळमळत असतील," मंगल म्हणाली. पण दुकान निघालं. परक्या घरात वासाची पंचाईत नको म्हणून तिनं लसूण निम्म्यावर आणला. तो निम्मा लसूण घालताना तिला दर वेळी वाईट वाटायचं.

कामाची वाटणी चोख होती. रेश्मानं फोटो काढायचे आणि गिऱ्हाइकाच्या नावाचा कागद चिकटवायचा. त्यावर नावाखेरीज सगळ्या काळ्या रेघाच असायच्या; गाव कळायचं ते गिऱ्हाइकानं आपण होऊन कळवलं तरच. हंबीररावांनी मोटारसायकलवरून पार्सल लोणंदला नेऊन द्यायचं. भरायचं आणि बांधायचं काम मंगलचं. रेश्मानं त्यासाठी प्लॅस्टिकच्या बरण्या आणून ठेवल्या होत्या. मंगलनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्यात कोंबड्यांची कणी भरली. खायची वस्तू कुणी प्लॅस्टिकात देतं का? ती नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात द्यायची. समोरच्यानं खाऊन डबा परत करायचा, आणि करताना त्यात काहीतरी घालायचं. काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकामा डबा उंबऱ्याबाहेर पाठवायचा नाही. सगळा गाव याच रीतीनं चालला होता. बडोद्याची माणसं काही वेगळी असतील असं तिच्या मनातही आलं नाही. तिनं डबे कापडात शिवून पाठवले आणि परतीची वाट बघत बसली.

परत काही आलं नाही. आले ते अभिप्राय. "चटणी ठीक. डबा अप्रतिम." "एवढ्या पैशांत चांगला डबा मिळतो, वर चटणी फुकट." मागण्या धो धो येऊ लागल्या. रेश्मा हरखून गेली. डब्याचं कौतुक वाचून तिला वाटलं, आक्कांनी बरण्या नीट पुसून दिल्या असतील.

घर मात्र मोकळं होत चाललं. चहापूड फौजेच्या मगात आली, साखर कुकरात, जिरं-मोहरी पणत्यांत. एकदा घाईत भैरोबाच्या देवळातून उत्सवाला आणलेला मोठा डबाही गेला. त्यावर 'श्री भैरवनाथ देवस्थान' असं ठसठशीत कोरलं होतं. बडोद्याच्या बाईनं कळवलं, "प्रसाद समजून सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. फारच तिखट देव आहे."

एकाच गिऱ्हाइकाला डब्याचं कौतुक नव्हतं. अपेक्षा नावाची कुणी होती. तिनं पाचातले दोनच तारे दिले आणि लिहिलं, "लसूण कमी आहे. मिक्सरमधली वाटते."

मंगलच्या वर्मी घाव बसला. मागण्या वाढल्यावर तिनं गुपचूप मिक्सर लावला होता. "हिला कसं कळलं?" ती दिवसभर पुटपुटत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं उखळ बाहेर काढलं, आणि त्या अपेक्षाची पुढची मागणी आल्यावर तिच्या डब्यात लसूण पूर्वीसारखा घातला. कुणीतरी लसूण मागितला होता. तेवढ्यानंच तिला बरं वाटलं. अपेक्षा त्यानंतर दर महिन्याला मागवत राहिली.

मग एका सकाळी रेश्मा फोन नाचवत धावत आली. "आक्का! माझ्या लग्नातला डबा हैद्राबादेत हाय! ह्यो बगा, नाव सुदिक दिसतंय, 'रेश्मा जयराज'!" गिऱ्हाइकानं हौसेनं फोटो टाकला होता.

"मग? खाऊन झालं की देतील परत."

रेश्मा मटकन खाली बसली. सगळा उलगडा झाल्यावर तिनं कपाळाला हात लावला, आणि दुकानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: डबा परत पाठवावा.

लोक खरंच सज्जन निघाले. पण त्या दुकानात वस्तू परत पाठवायची एकच सोय होती, माल नापसंत पडल्याची. गिऱ्हाइकांनी बिचाऱ्यांनी तीच वापरली. गावागावांतून डबे निघाले आणि कंपनीच्या यंत्रानं समजायचं ते समजून घेतलं: या बाईचा माल कुणालाच आवडत नाही. पैसे गिऱ्हाइकांना परत गेले, तारे ढासळले, आणि डबे दारात पोचायच्या आत दुकान बंद झालं.

डबे मात्र आले. भैरोबाच्या डब्यात ढोकळ्याचं पीठ होतं. रेश्माच्या डब्यात हैद्राबादची बिस्किटं. नागपूरवाल्यानं हंबीररावांच्या दाढीच्या डब्यात संत्र्याची बर्फी भरली होती, ती त्यांनी जरा विचार करून खाल्ली.

"बगा, माणसं चांगली असत्यात," म्हणत मंगल डबे फळीवर लावू लागली, आणि एकाएकी थांबली. वरच्या फळीवरचा कोपरा रिकामा होता.

"हितला ल्हान डबा कुठाय?"

हंबीररावांनी घसा खाकरला. गर्दीच्या दिवसांत त्यांना भरायच्या कामाला जुंपलं होतं, आणि हाताला लागेल तो डबा त्यांनी फौजी झपाट्यानं भरला होता. "त्यो व्हय... त्यो त्या अपेक्षाला गेला वाटतं. नाव वाचल्याचं ध्यानात हाय."

तो शिवांजलीचा शाळेचा डबा होता. 'कु. शिवांजली' असं वर कोरलेला, झाकणाला पोचा आलेला. लहानपणी तिला खाण्याचा कंटाळा. रोज अर्धी भाकरी तशीच परत आणायची. मंगल दारातच डबा घेऊन उघडायची, उजेडाकडे तिरका धरायची आणि ओरडायची, "रिकामा आण म्हणलं की रिकामा आणायचा!" लेक बेंगळूरला गेल्यापासून मंगलनं त्या डब्यात काही ठेवलं नव्हतं. दिवाळीला घासायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

"मी जाऊन घिऊन येतो," हंबीरराव म्हणाले.

"कुठं जाताय? दुकान बंद, पत्ता न्हाई," रेश्मा म्हणाली.

मंगल पाटावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिनं आवाज चढवला. "सगळ्यांनी डबे दिलं, हिनं एक दिला न्हाई! दर म्हैन्याला खाल्ली, वर नावं ठिवली, आन् डबं दाबून बसली! कुणाची लेक म्हणायची ही? आईनं काय वळण लावलंय का न्हाई हिला?"

त्या रविवारी शिवांजलीचा फोनही आला नाही. मंगल फोन मांडीवर घेऊन सोप्यात बसून राहिली. दुपारी दारात लोणंदची रिक्षा थांबली. आधी एक खणखणणारी पिशवी उतरली आणि मागून शिवांजली.

"अगं, न सांगता सवरता?" हंबीरराव धावले. पिशवी उचलताना त्यांचा हात खाली गेला. "ह्यात काय दारूगोळा हाय का काय?"

शिवांजलीनं सोप्यात बसून एकेक डबा बाहेर काढला. सगळ्यांवर एकच नाव होतं: सौ. मंगल हंबीरराव. पहिल्यात करपलेला चिवडा होता. दुसऱ्यात फुटलेले लाडू. बाकीच्यांत नुसती साखर.

मंगल बघतच राहिली. "ह्ये तुझ्याजवळ कसं?"

"अपेक्षा माझ्याच खोलीत राहते. तिच्या फोनवरून मागवत होते."

"नाक धरणारी?"

"तीच. आता माझ्या आधी तीच डबा फोडते."

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय गं?"

शिवांजलीनं मान खाली घातली. "नको पाठवू म्हणून मीच सांगितलं होतं. पुन्हा कुठल्या तोंडानं मागू? आणि डबे रिकामे कसे पाठवायचे? भरायला गेले, तर लाडू बघून तू लगेच ओळखलं असतंस."

"आन् दोन तारं?" हंबीररावांनी विचारलं.

"लसूण खरंच कमी होता, आबा."

दारात उभ्या असलेल्या रेश्मानं पदर तोंडाला लावला. "आक्का, वळण तर लागलेलं दिसतंय की. लाडू तेवढं ऱ्हायल्यात." मंगलनं तिच्याकडे असं पाहिलं की रेश्माला घरातलं दूध उतू जात असल्याचं आठवलं.

सगळ्यात शेवटी पिशवीच्या तळातून पोचा आलेला लहान डबा निघाला. "हा आला आणि मग मला राहवेना गं," एवढं बोलून शिवांजलीनं तो आईपुढे धरला. हंबीररावांनी मध्येच घेऊन कानाशी हलवला.

"ह्यो रिकामाच आणलास व्हय?"

"शाळेचा डबा आहे, आबा. हा रिकामाच आणायचा असतो."

मंगलनं झाकण काढलं आणि डबा उजेडाकडे तिरका धरला. कोपऱ्यात कणसुद्धा नव्हता. तिला पुष्कळ बोलायचं होतं. दोन दिवाळ्यांचं साठलेलं होतं. तिनं डबा नाकाशी नेला.

"नीट घासला न्हाईस," ती म्हणाली. "लसणाचा वास येतोय."

"येऊ दे की," शिवांजली म्हणाली, आणि उखळाशेजारची लसणाची परडी पुढ्यात ओढून सोलायला बसली.